हनुमंतरावांचा विळास

हनुमंतरावांच्या दाराशी दोन पत्ते आहेत. एक काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला. त्यात नाव, घराचा क्रमांक, चौथा क्रॉस, हूटगळ्ळी, म्हैसूर असं सगळं रीतसर आहे आणि घर बांधलं तेव्हापासून त्यातलं एक अक्षर हललेलं नाही. दुसरा त्याच्याच खाली खिळ्याला टांगलेल्या शाळकरी पाटीवर, खडूने लिहिलेला. त्यात नाव नाही, रस्ता नाही, गाव नाही. नुसते चार आकडे आणि त्यांच्यामध्ये तीन ठिपके. हा दुसरा पत्ता परवापरवापर्यंत आठवड्यातून एक-दोनदा बदलायचा. हनुमंतराव सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाहेर यायचे, ओल्या फडक्याने पाटी पुसायचे, ती वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहायचे आणि मग नवे आकडे लिहायचे. ठिपके ते सगळ्यात शेवटी देत, रांगोळीचे द्यावेत तसे, खडू टेकवून किंचित फिरवून.

पाटीचा अर्थ गल्लीत ज्याने त्याने आपापला लावला होता. भाजीवाली समजे, पाण्याच्या मीटरचं रीडिंग आहे. कुरियरवाल्याने एकदा तो फोन नंबर समजून फिरवून पाहिला. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंची खात्री होती की राव अंकलना कुणा ज्योतिषाने हे आकडे दिलेत. त्या येता-जाता पाटीकडे बघून हात जोडत.

मी म्हैसूरला आले ती माझे यजमान गेल्यानंतर. साताऱ्याचं घर बंद केलं, पुस्तकांची काही खोकी टेम्पोत घातली आणि मुलीकडे राहायला आले. केतकी हेब्बाळला एका कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस तिला नेते आणि संध्याकाळी आणून सोडते. मधल्या वेळात घरात मी आणि न उघडलेली खोकी. आयुष्यभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलेलं, त्यामुळे शांततेची मला सवय होती. पण ग्रंथालयातल्या शांततेत मुलं असतात.

कन्नड मला येत नव्हतं. दूधवाल्याशी बोटं दाखवून बोलायचे. अशात एका सकाळी मी फाटकाशी उभी राहून केतकीला फोनवर काहीतरी सांगत होते, तर समोरच्या दारातून पाटी पुसता पुसता आवाज आला.

"अक्का! तुमी मराठी, अल्वा?"

मी म्हटलं, हो.

"आमी पण मराठीच. रंगारी. आमचे पणजोबाचे पणजोबा कधी आले काय की. कपड्याला रंग द्यायला आले. रंग द्यायचं गेलं, आमी राहिलो."

एवढं एका दमात सांगून ते प्रसन्न हसले. त्यांचं मराठी ऐकताना मला ओळखीच्या घरातलं सामान कुणी हलवून ठेवल्यासारखं वाटे. सगळं तेच, पण हात घालावा तिथे दुसरंच काही लागे. 'थोडं' म्हणायला ते 'स्वल्प' म्हणत, 'उगीच' म्हणायला 'सुम्ने', आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी 'अल्वा?' जोडून आपल्याकडून होकार घेत. त्या दिवशी मी विचारलं, तुमचं कसं काय चाललंय, तर चेहरा गंभीर करून म्हणाले, "आज स्वल्प गडबड आहे. आमचा विळास बदलला."

मला वाटलं, मुलगा असणार. विलास. माझी नणंद तिच्या मुलाबद्दल अगदी ह्याच सुरात बोलते. मी आवाज हळू करून म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. मुलं मोठी झाली की बदलतात. परदेशात असतो का?"

"नाही नाही. इथंच. हॉलमध्ये. टीव्हीच्या मागं."

मी फाटकाची कडी लावून घेतली.

"आणि तो स्वतः नाही बदलत, अक्का. मी बदलतो त्याला. बंद करून ठेवायचं स्वल्प वेळ. अंधारात. परत चालू केलं की बदलून येतो."

केतकीने ही गल्ली नीट चौकशी करून निवडली आहे ना, असा प्रश्न मला दिवसभर पडून राहिला. संध्याकाळी ती बसमधून उतरून घरात आल्याबरोबर मी तिला सगळं सांगितलं. ती पर्स हातात धरूनच सोफ्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आई, विळास म्हणजे पत्ता गं! कन्नडमध्ये पत्त्याला विळास म्हणतात. ते मॉडेमबद्दल बोलत होते." तिचे बाबा गेल्यापासून ती त्या घरात मोठ्याने हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. ह्या एका गोष्टीसाठी हनुमंतराव मला तेव्हाच आवडून गेले.

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक घरच्या इंटरनेटला एक नंबर असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तो आपल्या मालकीचा नसतो, भाड्याच्या खोलीसारखा असतो. मॉडेम काही वेळ बंद ठेवला की कंपनी ती खोली दुसऱ्याला देते आणि आपण पुन्हा चालू केला की आपल्याला वेगळी खोली मिळते. "पण तो मुद्दाम कशाला कुणी बदलेल?" मी विचारलं. केतकी म्हणाली, "तेच तर. एखादी साइट आपल्याला आत घेत नसेल, किंवा कुणी आपल्या मागावर असेल, तर लोक बदलतात. आणि बदलून दारावर लिहून ठेवणारे मी पहिलेच बघतेय."

हनुमंतरावांना विचारलं तर ते कारण सांगत. फक्त प्रत्येकाला वेगळं सांगत. कोपऱ्यावरच्या बाईंना सांगितलं, चोर मागे लागतात, एका ठिकाणी जास्त दिवस राहू नये. केतकीला सांगितलं, यंत्र तापतं. मला त्यांनी एकदा सविस्तर उत्तर दिलं. ते हेब्बाळच्याच एका कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात होते, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. "आमच्याकडे आयुधपूजेला सगळी मशीन बंद. हळदकुंकू लावायचं, कोहळा फोडायचा, त्या दिवशी कोण हात लावायचं नाही. मशीनला पण सांगावं लागतं, अक्का, की तू पण मनुष्यच आहेस. वर्षात एकदा का सांगायचं? मी आठवड्याला सांगतो."

रंगखातं त्यांच्या डोळ्यांतून गेलेलं नव्हतं. हिरवा, निळा, लाल असे ढोबळ शब्द त्यांना चालत नसत. माझ्या एका साडीला मी हिरवी म्हटलं तर दुखावल्यासारखे म्हणाले, "हिरवी? शेवाळी म्हणा." केतकीच्या नव्या स्कूटरचा रंग मोतिया, समोरच्या भिंतीचा बदामी, आणि बन्नूरहून येणाऱ्या गुळाचा रंग बिघडला की त्यात काहीतरी घातलंय असं ते चव न घेता सांगत. मॉडेमवरच्या दिव्यांनासुद्धा त्यांनी नावं दिली होती. "पोपटी लागला म्हणजे लाइन आली. केशरी लागला तर अजून विचार करतोय."

एकदा त्यांनी कॉफीला बोलावलं तेव्हा तो सोहळा मी पाहिला. टीव्हीच्या मागे हात घालून बटण बंद करताना ते "निज रे स्वल्प" म्हणाले आणि मॉडेमवर धुतलेला हातरुमाल पांघरला. आम्ही कॉफी घेतली. मग रुमाल उचलला, बटण दाबलं, केशरी, केशरी, पोपटी. त्यांनी मोबाइलवर नंबर काढून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अय्यो! तोच आला परत."

"मग बरंच की," मी म्हटलं.

"कसलं बरं? अजून स्वल्प निजवतो." आणि पुन्हा बटण बंद, पुन्हा रुमाल. मला दुसरी कॉफी घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेला नंबर वेगळा आला तेव्हा त्यांनी तो मला पाढ्यासारखा म्हणून दाखवला, दोनदा, न बघता. मग खडू घेऊन दाराकडे गेले.

त्याच दिवशी मी एका खुर्चीत बसायला गेले तर घाईने म्हणाले, "तिथं नको, अक्का, ती माझी. तुमी इकडं बसा. तिथं बसला तर तुमी दिसता." त्या खुर्चीसमोर, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा होता. त्यांचा मुलगा मंजुनाथ परदेशात असतो, त्याने तो लावलेला. तिथून तो त्याच्या संगणकावर हा विळास टाकतो आणि म्हैसूरचा हॉल बघतो. "मंजूची आई, सरोजा, आजारी होती तेव्हा लावला. तेव्हा पलंग इथं होता. मंजू रोज बघायचा तिला. फोन पण रोज. आज ताप किती, आज काय खाल्ली." हनुमंतरावांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "ती गेली. मग मी स्टुलावर चढून त्याचं तोंड माझ्या खुर्चीकडे वळवलं."

केतकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असले कॅमेरे आता कुणी वापरत नाही. आता नवे मिळतात, त्यांना पत्ता लागतच नाही. तिने एका रविवारी त्यांनाही तसं सांगितलं. हनुमंतरावांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "हे आहे ते चांगलं आहे, पुट्टी. सुम्ने कशाला?" केतकीला ते पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी.

फोनचा प्रसंग त्यानंतर लवकरच घडला. मी त्यांच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते आणि ते आत हॉलमध्ये होते. फोन वाजला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी खाकरले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि मग घेतला.

"हां मंजू. ... दिसत नाही? अय्यो. बदलला की काय की. करंट गेलता असेल." करंट गेला नव्हता. सकाळीच त्यांनी रुमाल पांघरलेला मी माझ्या खिडकीतून पाहिला होता. "थांब हं. दारावर लिहिलंय. जाऊन बघून सांगतो. थांब, चप्पल घालतो."

हॉलपासून दारापर्यंत किती अंतर! पण ते चपला शोधून, एकेक पाय सावकाश घालत बाहेर आले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पाटीसमोर उभे राहिले. आणि ज्या आकड्यांचा पाढा त्यांनी तासाभरापूर्वी मला गेटवरून ऐकवला होता, ते आकडे एखादं जुनं हस्तलिखित वाचावं तसे वाचू लागले.

"लिहून घे. एकशे... तीन. एकशे तीन. मग डॉट. ... जेवण झालं का तुझं? ... काय जेवलास? ... ब्रेड म्हणजे जेवण नाही, मंजू. हां. मग बावन्न. बावन्न नंतर डॉट. ... सुनेचा खोकला? ... ओवा पाठवू का? ... मिळतो तिथं? बरं. मग एकशे... थांब, सूर्य येतोय पाटीवर, सावली करतो. एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉट. ... आणि तू? तू कसा आहेस?"

चौथा आकडा सांगायला त्यांनी इतका वेळ लावला की माझ्या शेंगा सोलून झाल्या. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाले, "मंजूला नंबर पाहिजे होता." आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले, ताठ, फोटो काढून घ्यायला बसतात तसे.

मला तेव्हा त्यात विक्षिप्तपणाच दिसला. पाठ असलेला नंबर बघून सांगायला दारापर्यंत जाणारा माणूस. मी घरी येऊन केतकीला नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो.

दसऱ्याच्या आधी हनुमंतराव आमच्याकडे आले. सहसा ते फाटकाशीच उभे राहून बोलत, त्या दिवशी आत येऊन बसले. "मंजूनं गिफ्ट दिलंय," म्हणाले. "कायमचा विळास."

केतकी घरी होती. तिला आनंद झाला. "स्टॅटिक आयपी? छान केलं की, काका! आता मॉडेम कितीही वेळा बंद करा, नंबर तोच राहील. तुमची रोजची कटकट गेली."

"हां," ते म्हणाले. "गेली."

नवा विळास लावायला केबलच्या ऑफिसातला माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. हनुमंतरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ऑपरेशनच्या वेळी कुणी घरचं असावं तसं. त्या माणसाला त्यांनी आधी कॉफी दिली. मग चकली दिली. मग विचारलं, गाव कुठलं. मग सांगितलं की आज मंगळवार आहे, नवीन काम मंगळवारी करतात का? त्याने हसून मॉडेम पुढे ओढला. ते बाजूला उभे राहून त्याच्या बोटांकडे बघत होते.

"करंट गेला तर बदलेल?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. एवढं कन्नड मला समजू लागलं होतं.

"पर्मनंट, अंकल! करंट होगली, मळे बरली, एनू आगल्ला."

वीज जाऊ दे, पाऊस येऊ दे. शेवटचे दोन शब्द मला कळले नाहीत. हनुमंतराव ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "एनू आगल्ला." आणि माझ्याकडे वळून त्यांनी त्याचं मराठी केलं. "काहीच होणार नाही, अक्का."

आयुधपूजेला त्यांनी मॉडेमला हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि दिवसभर बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी चालू केला. पोपटी लागला. त्यांनी नंबर पाहिला आणि पाटी पुसून तोच पुन्हा लिहिला. पुढच्या आठवड्यातही पुसून तोच लिहिला, ठिपके तसेच फिरवून. त्यानंतर पुसणं थांबलं. खडूचे आकडे बोटं लागून, वारा लागून फिकट होत गेले. कोपऱ्यावरच्या बाई हात जोडायच्या आधी जरा वाकून बघू लागल्या.

एका रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे फराळाचं द्यायला गेलो. ते आपल्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. केतकीला म्हणाले, "पुट्टी, एक विचारू? हा कायमचा विळास काढून टाकता येतो का? पहिल्यासारखं?"

"येतो. पण का, काका? लोक तो मिळावा म्हणून धडपडतात."

"मंजू पण तेच म्हणतो."

"फोन आला होता?" मी विचारलं.

"फोन नाही. मेसेज टाकला." त्यांनी मोबाइल दूर धरून वाचून दाखवला. "'अप्पा, आता चोवीस तास दिसता. निळा शर्ट छान आहे.'" मोबाइल खाली ठेवून त्यांनी शर्टाची बाही चिमटीत धरली आणि आमच्यापुढे केली. "निळा म्हणतो. पारवा आहे हा. कॅमेऱ्यात कळत नाही. सांगायचं तर कसं सांगणार?"

"तुम्ही फोन करा की," केतकी म्हणाली.

"मी केला तर घाबरतो. आधी विचारतो, काय झालं, पडलात का? काही झालं नाही म्हटलं की म्हणतो, अप्पा, मीटिंगमध्ये आहे, रोज बघतो ना मी तुमाला. खरं आहे. बघतो. चांगला पोरगा आहे." बाही सोडून ते म्हणाले, "सरोजा गेली, मग फोन कमी झाला. विचारायला काय राहिलं? दिसतोय म्हणजे आहे. मग एक दिवस करंट गेला, विळास बदलला, मी दिसलो नाही. मंजू घाबरून फोन केला. नंबर सांगा म्हणाला. मी सांगितला. सांगता सांगता अर्धा तास बोलला, पुट्टी. शाळेतलं काय काय आठवून बोलला."

एवढं सांगून त्यांनी लाडवांच्या डब्याकडे बघितलं आणि हा बेसनाचा रंग स्वल्प जास्त भाजलेला आहे, पण चांगला आहे, असं म्हणाले.

आम्ही रस्ता ओलांडून घरी आलो. आत आल्यावर केतकी म्हणाली, "आई, आपण त्यांच्या मुलाला कळवायचं का?" मी म्हटलं, काय कळवणार? हनुमंतरावांनी स्वतः जे त्याच्यापासून जपलं, खडूने दारावर लिहूनसुद्धा जपलं, ते आपण परक्यांनी कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि सांगितल्यावर तो फोन करील, नक्की करील. पण तो आठवणीने केलेला फोन असेल. हनुमंतरावांना तो नको होता. त्यांना नंबर विचारायला आलेला फोन हवा होता.

हे मला कळायला एवढा वेळ लागायला नको होता. माझे यजमान मंडईत गेले की तिथून घरी फोन करत. दर वेळी. कोथिंबीर आहे का घरात? मेथी चांगली दिसतेय, घेऊ का? चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला घरात कोथिंबीर आहे की नाही हे ठाऊक असतं, आणि नसलं तरी एक जुडी जास्त झाल्याने काही बिघडत नाही. मी वैतागून म्हणायचे, घ्या हो तुम्हाला हवी ती. ते म्हणायचे, बरं. आणि तरीही फोन ठेवायचे नाहीत. मंडईत कोण भेटलं ते सांगायचे.

आता कोथिंबीर केतकी मोबाइलवरून मागवते. ती दारात येते, निवडलेली, पिशवीत बांधलेली. कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी केतकी ऑफिसला गेली. मी स्वयंपाक उरकला, खिडकीशी खुर्ची ओढली. समोर हनुमंतरावांचं दार, दारावरची फिकट पाटी, आणि उघड्या दारातून आत खुर्चीत बसलेले त्यांचे गुडघे. मी त्यांना फोन लावला. गुडघे हलले. आधी ते खाकरले असावेत, कारण फोन उचलायला वेळ लागला.

"हलो?"

"हनुमंतराव, मी समोरून बोलतेय. तुमचा विळास काय आहे हो?"

गुडघे दाराकडे वळले. मग ते म्हणाले, "अक्का, दारावर लिहिलंय की. तुमच्या खिडकीतून दिसतं."

"खडू पुसट झालाय. नीट दिसत नाही. सांगता का?"

मग आतले गुडघे उठले.

"थांबा हं," ते म्हणाले. "जाऊन बघून सांगतो. चप्पल घालतो."

मी थांबले. ते चपला घालून बाहेर आले, चष्मा नाकावर घेतला आणि पाटीसमोर उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही खिडकीतून हात केला नाही.

"लिहून घ्या. एकशे... तीन. मग डॉट." ते थांबले. "जेवण झालं का, अक्का?"

"अजून नाही. आमटी-भात केलाय."

"बरं. मग एकसष्ट. एकसष्ट नंतर डॉट. ... तुमच्या पुस्तकांची खोकी उघडली का?"

"एक उघडलं. बाकी तशीच आहेत."

"सावकाश. घाई काय. मग नव्वद. डॉट."

ह्या डॉटपाशी ते बराच वेळ उभे राहिले. खडूच्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलेलं मला दिसत होतं.

"अक्का, यजमानांचं नाव काय होतं?"

म्हैसूरला आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. इथे ते 'केतकीचे बाबा' होते, नाहीतर 'ते गेले' एवढेच होते. मी नाव सांगितलं. श्रीधर. हनुमंतराव ते एकदा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, रंगाचं नाव बरोबर बसतंय का बघावं तसं. मग चौथा आकडा सांगितला. तो मी खरोखर लिहून घेतला.

"आता तुमचा विळास सांगा," ते म्हणाले.

"आमचा? मला कुठे माहीत?"

"पुट्टी आली की विचारून ठेवा. उद्या मी फोन करतो, तेव्हा सांगा." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "तुमचा कायमचा नाही, अल्वा?"

संध्याकाळी केतकी बसमधून उतरून घरात आली. मी तिला आधी आपला नंबर विचारला, आणि मग मॉडेमचं बटण कुठे असतं ते.